निकाली कुस्ती, कृष्णातच्या मशीनवर

१९९८ साली विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत कॉम्प्युटर होते तीन. एक पाटबंधारे खात्यातल्या हंबीररावांकडे, एक भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या अक्षता भंडारेकडे आणि एक कृष्णातकडे. पहिल्या दोन्हींवर विंडोज होतं. कृष्णातच्या मशीनवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स होतं. ते तिथं कसं आलं याची त्यानं सांगितलेली हकिकत वेगळी आणि घडलेली वेगळी. आता गल्लीतल्या घरांमधल्या भिंती चार इंची, त्यामुळं घडलेली हकिकत सगळ्यांना ठाऊक होती आणि त्यानं सांगितलेली सगळेजण मान डोलावत ऐकत होते.

कृष्णात मूळचा कुंडलचा. अठरा वर्षं फौजेत सिग्नलमध्ये काढून हवालदार म्हणून पेन्शनीत आला, तेव्हा डावा गुडघा कायमचा कुरकुरता करून आला. टॉवरवरून उतरताना पाय सटकला होता. विश्रामबागेत त्यानं एसटीडी बूथ टाकला, शेजारी झेरॉक्सचं मशीन. बूथ सकाळी आठ ते एक आणि चार ते आठ. मधले तीन तास सांगली झोपते. कृष्णातला दुपारी झोपायची सवय नव्हती, म्हणून त्या तीन तासांसाठी त्यानं पुण्याच्या एका ऑफिसनं काढून टाकलेला फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर घरी आणून ठेवला. त्यावर विंडोज होतं आणि विंडोजमध्ये पत्त्यांचा एक खेळ. कृष्णात टायपिंग शिकायला बसला, त्याची बायको माया पत्ते शिकायला बसली. माया लवकर शिकली.

पुढं कधीतरी एका इंग्रजी मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आली. बघू तर काय आहे म्हणून कृष्णातनं ती घातली. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न यायला लागले. फौजेत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला कुणी इंग्रजीत प्रश्न विचारला की तोंडातनं आधी 'येस सर' बाहेर पडतं, प्रश्न काय होता ते मागनं कळतं. सगळी डिस्क वापरू का? येस. तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? येस. नक्की? कृष्णातनं तिसऱ्यांदा येस दाबलं, आणि त्यानं टाइप करून ठेवलेली मंडळाच्या सत्यनारायणाची निमंत्रणपत्रिका आणि मायाचे पत्ते एकाच वेळी गेले.

तीन वाजता माया मशीनसमोर बसली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती, बाकी काही नाही.

"आवं, माजं पत्तं कुठं गेलं?"

"काढून टाकलं."

"का वो?"

"विंडोज लय बेभरवशाचं. कवा बंद पडंल सांगता येत न्हाई. मुद्दाम काढलं."

मायानं त्याच्याकडं बघितलं, काळ्या पडद्याकडं बघितलं आणि पोहे करायला आत गेली. नवऱ्यानं चूक केली आहे हे तिला कळलं होतं. तो ती कबूल करणार नाही हे तिला लग्नापासून माहीत होतं.

बोलून बसल्यावर कृष्णातला लिनक्स शिकणं भाग पडलं. महिनाभर तो त्या काळ्या पडद्याशी झुंजला. पण खरं सांगायचं तर पुढं त्याला ते मनापासून आवडायला लागलं. विंडोज सुरू होईपर्यंत त्या जुन्या मशीनवर चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. हे मात्र पटकन जागं व्हायचं आणि आठवडाभर चालू ठेवलं तरी मान टाकायचं नाही. शिवाय आत काय चाललंय ते उघडून बघता यायचं, आणि सिग्नलच्या माणसाला डबा उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मायासाठी त्यानं लिनक्समधलाही एक पत्त्यांचा खेळ शोधून काढला. मायानं दोन डाव मांडले आणि उठली. "ह्यातला राजा आजारी दिसतोय," म्हणाली. तेव्हापासून ती पत्ते खेळायला समोर हंबीररावांच्या घरी जायला लागली, त्यांच्या बायकोशी गप्पा मारायच्या निमित्तानं.

नेमकं हंबीररावांच्याच घरी जावं हे कृष्णातला फार लागलं.

हंबीरराव कऱ्हाडजवळच्या मलकापूरचे. बदलीवर सांगलीला आले आणि योग असा की कृष्णातच्या समोरचंच घर त्यांना मिळालं. या दोघांची ओळख जुनी. १९७६ साली कुंडलच्या मैदानात दोघांची कुस्ती झाली होती, शेवटून तिसरी. पंचवीस मिनिटं चालली. अंधार पडायला आला तशी पंचांनी बरोबरीत सोडवली, दोघांना फेटे बांधले. झालं, एवढंच लोकांना माहीत.

लोकांना माहीत नसलेली गोष्ट अशी. अठराव्या मिनिटाला हंबीररावांनी मानेला हात घालून ढाक मारली आणि कृष्णात पाठीवर आला. दोन्ही खांदे मातीला लागले. पापणी लवून उघडावी तेवढाच वेळ, पण लागले. हंबीरराव उठून उभे राहिले. पंच कुंडलचेच, कृष्णातच्या भावकीतले. त्यांच्या डोळ्यात नेमकी त्याच वेळी माती गेली होती. त्यांनी डोळे पुसले आणि चालू द्या म्हणून हात केला. हंबीररावांनी कृष्णातकडं बघितलं. सांग की, असं ते बघणं होतं. कृष्णात गडबडीनं उठला, अंगाला माती चोळली आणि पुन्हा खडाखडीला उभा राहिला. दोन महिन्यांनी तो फौजेत गेला.

बावीस वर्षांत हंबीररावांनी तो विषय एकदाही काढला नाही. फक्त चहाच्या टपरीवर भेटले की चारचौघांत विचारायचे, "काय कृष्णा, पाठ कशी हाय रं?"

"बरी हाय," कृष्णात म्हणायचा.

ऐकणाऱ्याला वाटायचं, फौजेतलं जुनं दुखणं असेल. हंबीरराव किती काळजी घेतात बघा. कृष्णात मात्र त्या दिवशी अर्धा कप तसाच ठेवून उठायचा. त्याला एकच हवं होतं. ती कुस्ती एकदा निकाली व्हावी. जिंकली तर आपलं तोंड वर होईल, असं त्याचं गणित. पण एकाचा गुडघा गेलेला, दुसऱ्याला रक्तदाबाची गोळी. पन्नाशीकडं झुकलेली ही दोन माणसं परत लंगोट लावून कुठं उतरणार?

इथं अक्षता आली. पलूसच्या एका शाळामास्तरांची ही मुलगी. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून विश्रामबागेतल्या क्लासात शिकवायची आणि उरलेल्या वेळात स्वतः प्रोग्राम लिहायची. खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि बाकी सगळीकडं कागद. एकदा झेरॉक्सला बूथवर आली असताना तिनं टेलिफोनच्या वर टांगलेला फोटो बघितला. त्यात तेल लावलेला, लंगोटातला वीस-बावीस वर्षांचा पैलवान होता.

"काका, हे तुम्ही?"

"व्हय. का, वळखू येत न्हाई?"

"पोट सोडून येतंय. काका, मला कुस्तीचा गेम करायचाय, आपल्याकडच्या मातीतल्या कुस्तीचा. बाहेरच्या गेममध्ये नुसते गुद्दे असतात. तुम्ही डाव दाखवाल?"

पंधरा दुपारी कृष्णातनं डाव दाखवले. जोडीला पैलवान नव्हता म्हणून गादीची वळकटी घेतली. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय ओढून त्याला खाली आणायचं. मग घिस्सा, मग ढाक. वळकटीला त्यानं ढाक मारली की अक्षता "काका, थांबा, तसेच थांबा" म्हणायची आणि आलेखाच्या कागदावर एकेक अवस्था काढून घ्यायची. एका डावाची आठ चित्रं. आठ वेळा अर्धवट वाकून उभं राहायचं म्हणजे त्या गुडघ्याची कसोटी होती. खिडकीत गल्ली जमलेली.

"गादीचा कापूस निगाला," माया म्हणाली. "आता तरी ती चितपट हुईल का तुमाला?"

डावा पाय किंचित ओढत चालायची कृष्णातची सवय चित्रातही आली. अक्षतानं विचारलं, "हा पाय सरळ करू का?"

"न्हाई, ऱ्हाऊ दे तसाच."

तो झाला निळ्या लंगोटाचा गडी. तांबड्या लंगोटाच्या गड्याची माहिती कृष्णातनं तोंडी दिली. उंच हवा, आधी मानेवर हात टाकतो, उजवीकडं झुकून उभा राहतो. नाव काही सांगितलं नाही. गेम पहिल्यांदा अक्षताच्या मशीनवर चालला त्या दिवशी गल्लीबरोबर हंबीररावही बघायला आले. दोन मिनिटं तांबड्या गड्याची चाल निरखली.

"ह्यो तांबडा मी हाय," म्हणाले.

गेमचं नाव अक्षतानं 'निकाली' ठेवलं होतं. एका कीबोर्डवर दोघांनी खेळायचा, बरोबरी नाही. एकाची पाठ लागेपर्यंत चालणार.

"चल की मग, कृष्णा," हंबीरराव म्हणाले. "आत्ताच हून जाऊ दे. न्हाईतर माज्याकडं चल, मोठा पेंटियम हाय. ही पोरगी देईलच की आपल्याला एक सीडी."

"तुज्याकडं न्हाई," कृष्णात म्हणाला. "जिथं ऱ्हायली तिथंच हुईल. माज्या मातीत. माज्या मशीनवर."

"तुज्या डब्यावर चालंल का ह्ये?"

सगळ्यांनी अक्षताकडं बघितलं. अक्षतानं कागद गोळा करायला घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कृष्णात तिच्या दारात उभा होता. "लिनक्सवर कवा येईल?"

"नाही येणार, काका."

ती काही उर्मट पोरगी नव्हती. तिनं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि नीट समजावून सांगितलं. पडद्यावर चित्र काढायचं सगळं काम तिनं विंडोजवर सोपवलं होतं. लिनक्सवर ते नव्यानं लिहावं लागणार, त्याला दोन महिने. आवाजाचं पुन्हा वेगळं. शिवाय प्रत्येक लिनक्सवाल्याचं मशीन निराळं, प्रत्येकाची तक्रार निराळी. एक चूक दुरुस्त केली की ती दोन ठिकाणी करत बसायची. आणि कॅसेटच्या दुकानवाल्या नाथाजीला तिनं कबूल केलं होतं की कुंडलच्या यंदाच्या कुस्ती-मैदानाआधी सीड्या हातात देईन.

"आणि हे सगळं कुणासाठी, काका? एकट्या तुमच्यासाठी."

"एकटा कसा? सांगलीत आनखी असतील की."

"नावं सांगा."

कृष्णातनं इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका सरांचं नाव सांगितलं. दुसरं नाव त्याला आठवेना, कारण दुसरा माणूस नव्हताच.

नाथाजी तिथंच खोकी मोजत बसला होता. त्यानं विचारलं, "लिनक्स म्हंजे काय म्हणायचं? उसाची नवी जात हाय का?"

कृष्णातनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. "हे बघ अक्षता, मैदानात एखादा गडी एकटाच आला, वळखीचं कुणी न्हाई, तरी त्याला कुणी हाकलत न्हाई. त्यो मातीत फेरी मारतो, हात वर करतो. पंच हिंडून त्याच्या तोडीची जोड हुडकत्यात. आलेल्या गड्याला जोड लावून द्यायची, ही रीत हाय."

"आणि जोड मिळालीच नाही तर?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. अक्षताला मैदानातलं काय कळत होतं? पण प्रश्न रीतीचा होता.

"तर नारळ देऊन परत पाठवत्यात," कृष्णात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूथच्या काउंटरवर नारळ होता. सोलून, शेंडी ठेवून, व्यवस्थित. ही बातमी आठ वाजून दहा मिनिटांनी गल्लीत पोचली आणि सव्वाआठला हंबीरराव गरज नसताना एका कागदाची झेरॉक्स काढायला गेले.

"फौजेनं दिला न्हवता, आता मिळाला व्हय नारळ," म्हणाले.

कृष्णातला राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग आला. मायानं नारळ फोडला, खवला आणि करंज्या करून चार अक्षतालाही पाठवल्या.

पण गडी माघारी फिरणारा नव्हता. त्यानं गेमची सीडी अक्षताकडनं घेतली आणि विंडोज असल्याचं सोंग करणारं एक सॉफ्टवेअर लिनक्सवर बसवलं. त्या सोंगाखाली विंडोजचे प्रोग्राम चालतात असं त्यानं वाचलं होतं. चार दुपारी गेल्या. पाचव्या दुपारी गेम सुरू झाला. हलगीचा आवाज नाही, माती नाही, पैलवानही नाहीत. काळ्या पडद्यावर एक तांबडा आणि एक निळा, असे दोन लंगोट तेवढे दिसत होते आणि हवेत तरंगत एकमेकांच्या अंगावर जात होते.

मायानं कमरेवर हात ठेवून बघितलं. "ही कुस्ती न्हवं. ही वाळत घाटलेली कापडं हायत."

करंज्यांचा डबा परत द्यायला अक्षता आली होती. तिनं ते बघितलं आणि भिंतीला टेकून हसली. हसता हसता तिचं लक्ष टेबलावरच्या वहीकडं गेलं. फौजेत वायरलेसवर बसलेला माणूस जशी नोंदवही ठेवतो तशी ती वही होती. वेळ, मशीन काय म्हणालं, आपण काय केलं, मग काय झालं. पाच दुपारींच्या एकतीस नोंदी, एकही खाडाखोड नाही. तिच्या क्लासातली मुलं चूक झाली की "मॅडम, चालत नाही" एवढंच सांगायची.

तिनं वही शेवटपर्यंत वाचली.

"काका, मी हे लिनक्सवर आणणार नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही आणा. गेमचा मूळ प्रोग्राम मी तुम्हाला देते. चित्र काढायचा भाग कुठला, त्याच्यावर खुणा करून देते. तेवढा तुम्ही नव्यानं लिहायचा."

"मला यील?"

"मला तरी कुठं येत होतं? दोन अटी. अडलं की आधी वहीत लिहायचं, मग माझ्याकडं यायचं. आणि पैलवानांच्या ताकदीच्या आकड्यांना हात लावायचा नाही."

कृष्णातचा चेहरा लाल झाला. आकड्यांचं त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही.

तीन महिने तो शिकला. दुपारी एक ते चार, रविवारी दिवसभर. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस कॉम्प्युटरची भाषा शिकायला बसला की बायको आधी हसते, मग काळजी करते, मग सवय करून घेते. मायानं तिन्ही केलं. आधी नुसती माती दिसली. मग निळा गडी आला, पण डोक्यावर उभा. मग दोघं आले, पण ढाक मारली की तांबडा वर जायचा तो खाली यायचाच नाही. प्रत्येक वेळी वहीत नोंद. अक्षता रात्री बूथ बंद झाल्यावर येऊन वही वाचायची आणि कडेला पेन्सिलीनं दोन शब्द लिहायची.

मैदानाला पंधरा दिवस राहिले असताना वहीत सलग तीन दिवस काहीच नोंद झाली नाही.

झालं होतं ते असं. चित्राचा भाग लिहिता लिहिता कृष्णात शेजारचा भागही वाचायला लागला होता. हात लावायचा नव्हता, वाचायला कुणाची बंदी नव्हती. तिथं त्याला दिसलं की दोघांनी एकाच क्षणी डाव टाकला तर प्रोग्राम आधी निळ्याला विचारतो. निळ्यानं बटण दाबलं असेल तर डाव त्याचा, तांबड्याला विचारायचंच नाही. अक्षतानं मुद्दाम केलं नव्हतं. कुणाला तरी आधी विचारायचं म्हणून तिनं निळ्याला आधी लिहिलं होतं, एवढंच. तिच्या वेगवान मशीनवर दोन बटणं एका क्षणात पडायची वेळ कधी आली नव्हती. कृष्णातचं मशीन सावकाश; तिथं एक क्षण लांब असायचा. तिथं हे पदोपदी घडणार होतं. आणि निळा होता तो.

ताकदीच्या आकड्यांना त्यानं हात लावला नव्हता. अटीत हे नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. गप्प बसलं की झालं.

गप्प बसल्यावर काय होतं हे मात्र त्याला बावीस वर्षांपासून माहीत होतं. चौथ्या दिवशी त्यानं वही उघडली, वेळ घातली आणि सगळं लिहिलं. अक्षतानं रात्री वाचलं आणि तिथंच खाली बसली.

"काका, हे विंडोजमध्येही असंच आहे. म्हणजे सगळ्या सीड्यांवर गेलं असतं."

"दुरुस्त कर."

"करते. दोघांनी एकदम दाबलं तर मशीन चिठ्ठी टाकेल. पण नाथाजीला काय सांगू? त्यानं खोक्यावरची चित्रं छापून आणलीत."

नाथाजीला दोन दिवस थांबावं लागलं. त्या दोन दिवसांत तो गल्लीत ज्याला भेटेल त्याला सांगत होता की एका लिनक्सवाल्याच्या नादानं सगळ्या धंद्याची माती होते. अक्षतानं त्याला ऐकवलं, "त्या एका लिनक्सवाल्यामुळं तुझी बाकीची गिऱ्हाइकं माघारी यायची थांबली. नाहीतर रोज एकजण सीडी घेऊन भांडायला आला असता." नाथाजीला पटलं नाही, पण खोकी तो मुकाट्यानं पुन्हा मोजायला बसला.

मग एका रविवारी सकाळी दहा वाजता कृष्णातच्या घरी कुस्ती झाली. हंबीरराव आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. पंच म्हणून मायाला बसवलं, कारण तिचा दोघांवरही विश्वास नव्हता. अक्षता मशीनच्या मागं उभी. गल्ली खिडकीत. एका कीबोर्डवर दोन धिप्पाड माणसं बसली की कोपरं एकमेकांत अडकतात; डाव सुरू व्हायच्या आधीच निम्मी झोंबाझोंबी झाली.

पैलवान मातीत उतरले. एक पाय उचलला, थांबले. ठेवला, थांबले.

"ही पळत न्हाईत का रं?" हंबीररावांनी विचारलं.

"मशीन जुनं हाय."

"बरं झालं. आपल्या वयाची वाटत्यात."

पहिली दहा मिनिटं नुसती खडाखडी. निळ्यानं एकेरी पट काढला, तांबड्यानं सोडवून घेतला. कृष्णातचा खरा डावा गुडघा टेबलाखाली आपोआप वाकत होता. हंबीरराव दात ओठावर दाबून बटणं मारत होते. मायानं एकदा सांगितलं, "कीबोर्ड फुटंल, सावकाश." कुणी ऐकलं नाही. मग तांबड्यानं मानेवर हात टाकला. पुढं काय येणार हे कृष्णातला बावीस वर्षं पाठ होतं. तो थांबला, उजवीकडं झुकू दिलं, आणि हंबीररावांचं बोट खाली जाताना दिसलं तसं त्यानंही आपलं दाबलं. दोन्ही बटणांचा आवाज एकच आला.

मशीननं चिठ्ठी टाकली. पडद्यावर क्षणभर काहीच हललं नाही. मग तांबडा वळला, निळ्याला पाठीवर घेतलं आणि आठही चित्रं एकामागून एक, सावकाश दाखवत, मातीवर आणून टेकवलं. दोन्ही खांदे. अक्षतानं लिहिलेली हलगी वाजायला लागली.

सगळे कृष्णातकडं बघत होते. मशीन अडकलं, बटण बसलं नाही, चिठ्ठी कशी पडली कुणास ठाऊक, असलं काहीतरी आता येणार, हे गल्लीनं धरूनच ठेवलं होतं. हंबीररावही बघत होते. मैदानात बघितलं होतं तसंच.

कृष्णातनं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"पाठ लागली," तो म्हणाला.

मायानं पंचासारखा हात वर करायला घेतला होता, तो खाली घेतला. हंबीररावांनी सावकाश विचारलं, "आज, का तवा?"

"दोन्ही येळा."

हंबीररावांनी रुमालानं कपाळ पुसलं. जिंकल्यावर करायचं म्हणून बावीस वर्षं काही ठरवून ठेवलं असेल, तर ते त्यांना आठवलं नाही. पडद्यावर निळा अजून मातीत पडलेला होता.

"त्ये बटण दोघांचं एकदम पडलं न्हवं?" त्यांनी अक्षताला विचारलं.

"हो. आधी असं पडलं की निळाच जिंकायचा. काकांनीच ते शोधून काढलं."

"काय म्हणतीस." हंबीररावांनी कृष्णातच्या खांद्यावर हात टाकला, मानेजवळ, जिथून ढाक मारतात तिथंच. "मग अजून एक डाव लाव की रं. मला बी निळा हून बघायचाय."

त्या दिवशी आठ डाव झाले. कृष्णातनं पाच मारले, हंबीरराव तीनच म्हणतात. टपरीवर आता ते पाठीची चौकशी करत नाहीत. गुडघ्याची करतात, आणि तीही खरी.

अक्षताच्या सीडीवर शेवटी लिनक्ससाठी एक वेगळा कप्पा आला, त्यात चित्रांचं काम कृष्णातनं केल्याची एक ओळ होती. पहिल्या वर्षात लिनक्सवर खेळणारी चार माणसं निघाली. कॉलेजातले सर, मिरजेचा एक डॉक्टर, साताऱ्याहून पत्र लिहिणारा एक कारकून आणि स्वतः कृष्णात. साताऱ्याच्या कारकुनाच्या मशीनवर आवाज येत नव्हता; त्याच्याशी कृष्णातनं बूथवरून तीन दुपारी बोलून तो आणून दिला आणि वहीत नोंद केली. लिनक्सची तक्रार आली की अक्षता ती न वाचता त्याच्याकडं पाठवायची. हे तिनं आधीच ठरवलं होतं की काय, कोण जाणे.

त्या रविवारी सगळे निघून गेल्यावर माया रिकामे कप उचलत होती. नवरा आज कधी नव्हे तो कबूल करायच्या तंद्रीत आहे, असं बघून तिनं हळूच विचारलं, "आणि ते विंडोज?"

कृष्णात मशीनचं झाकण पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.

"ते मुद्दाम काढलं," म्हणाला.

मायानं कप मोरीत ठेवले, पदराला हात पुसले आणि समोर हंबीररावांच्या घरी पत्ते खेळायला गेली.